लेकरू घेऊन शहरात जाताना: वस्ती कशी निवडायची?

(पोंभुर्णा येथे तरुणांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



संयोजकांनी मला विचारले, "ताई, विषय काय ठेवू?" मी म्हटले, "भाड्याचे घर." ते थोडे गोंधळले. अशा मेळाव्यात शिक्षण, रोजगार, संविधान, तलाक असे विषय असतात, भाड्याचे घर कोणी ठेवत नाही. पण मला वाटते, हे सगळे विषय भाड्याच्या घराच्या दारात एकत्र भेटतात. तुमचे मूल कोणत्या शाळेत जाईल, कोणते पाणी पिईल, कोणाबरोबर खेळेल, कोणती भाषा बोलेल, आणि कोणाला 'आपले' म्हणेल, हे पुष्कळसे तुम्ही कोणत्या गल्लीत खोली घेता त्यावर ठरते.

मी पोंभुर्ण्याची. माझी मुलगी पावणेदोन वर्षांची असताना आम्ही चंद्रपूरला राहायला गेलो. मी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, माझे पती दुकानांना माल पुरवण्याच्या कामात आहेत. इथे बसलेल्यांपैकी बरेच जण आज ना उद्या चंद्रपूर, नागपूर, पुणे किंवा हैदराबाद गाठणार. एकटा पोरगा कुठेही राहतो. चौघांत एक खोली घेतो, मेसचा डबा लावतो, झाले. लग्न होऊन लेकरू झाले की हिशोब बदलतो. त्या हिशोबाबद्दल आज बोलते.

गावात मिसळलेले, शहरात वेगळे

पहिली गोष्ट आपल्या गावाची. चंद्रपूर जिल्ह्यात आपली लोकसंख्या शेकड्याला चारेक. पोंभुर्ण्यासारख्या ठिकाणी तर आपली घरे हाताच्या बोटांवर मोजावीत अशी विखुरलेली. त्यामुळे इथे मोहल्ला असा काही नाहीच. आपल्या एका बाजूला कुणबी काकांचे घर, दुसऱ्या बाजूला बौद्ध शिक्षकांचे, पलीकडे गोंड कुटुंब, समोर तेली समाजाचे. धान मळायला आला की सगळ्यांच्या अंगणात भुसा उडतो. घरात आपण हिंदी-उर्दू बोलतो आणि उंबरठा ओलांडला की मराठी. हे इतके सवयीचे आहे की ते आपल्याला विशेष वाटतच नाही.

आणि हीच माणसे शहरात जायला निघाली की पहिला प्रश्न काय विचारतात? "अपने लोगों की बस्ती कौन सी है?"

पन्नासेक किलोमीटरच्या प्रवासात हा बदल होतो. गावात आपल्याला जे जमते, तेच शहरात अशक्य का वाटावे? याचे उत्तर फक्त आपल्या मनात शोधू नका. ते निम्मे आपल्या मनात आहे आणि निम्मे घरमालकाच्या मनात. दोन्ही निम्म्यांबद्दल मी बोलणार आहे.

अम्मीची भीती खोटी नव्हती

आमच्या घरी हा वाद झालाच. अब्बा काही बोलले नाहीत. अम्मी म्हणाली, "अपने लोगों में रहो बेटा, बच्ची का साथ है."

तरुण मंडळी अशा बोलण्यावर हसतात. मी हसले नाही. १९९२-९३ च्या दंगलीनंतर मुंबईतली हजारो कुटुंबे मिश्र वस्त्या सोडून मुंब्र्याला गेली. ती काही हौसेने गेली नाहीत. आपल्या जवळचे सांगायचे तर १७ मार्च २०२५ च्या रात्री नागपुरात महाल, हंसापुरी भागात हिंसा झाली आणि शहराच्या अनेक भागांत संचारबंदी लागली. त्या आठवड्यात नागपुरात नातेवाईक असलेल्या प्रत्येक घरात फोन खणखणत होते. अशा वेळी आई म्हणते "आपल्यात राहा", तेव्हा तिला मागासलेली म्हणण्यात काही शहाणपणा नाही.

पण भीती आहे म्हटल्यावर ती नीट मोजली पाहिजे. दंगल होईल की नाही, कधी होईल, कोणत्या भागात होईल, हे आपल्याला ठाऊक नसते. उघडी नाली मात्र रोज दारासमोर असते. पुराचे पाणी जिथे येते तिथे पुन्हा येते. धूळ रोज नाकात जाते. दोन वर्षांच्या मुलीसाठी धोक्यांची यादी करायची तर एकच धोका लिहून वही मिटता येत नाही. म्हणून मी अम्मीला सांगितले, "तुझी भीती यादीत लिहिली आहे. पण यादी मोठी आहे."

पाच प्रश्न

ती यादी तुमच्यापुढे ठेवते. चंद्रपूरच्या उदाहरणावरून सांगते, पण हे प्रश्न कुठल्याही शहरात विचारता येतील.

पहिला प्रश्न पाण्याचा. नळाला किती वाजता येते, किती वेळ येते, हे सगळेच विचारतात. त्याच्या बरोबरीने विचारायचे ते हे, की पावसाळ्यात पाणी साचते कुठे? चंद्रपूरच्या बाजूने इरई नदी वाहते, वर धरण आहे. मोठा पाऊस झाला आणि धरणाचे दरवाजे उघडले की नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरते. जुलै २०२२ मध्ये रहमतनगर, सिस्टर कॉलनी या भागांत घरांत पाणी घुसले, लोकांना बाहेर काढावे लागले. अशा वस्त्यांत भाडे कमी असते, प्लॉट स्वस्त मिळतो. ती स्वस्ताई का आहे हे दलाल सांगत नाही, भिंत सांगते. मी घरे बघायला जायचे तेव्हा आधी भिंतीचा खालचा भाग बघायचे. रंग नवा आणि प्लास्टर फुगलेले दिसले की समजायचे. शेजारच्या बाईला विचारायचे, "मागच्या पुरात पाणी कुठवर आले होते?" ती हाताने गुडघा दाखवते की कंबर, यावर बरेच कळते.

पाटबंधारे खाते नदीला दोन रेषा आखते. साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा. निळ्या रेषेच्या आत राहती घरे बांधायला मनाई असते. तरी घरे उभी राहतात, विकली जातात, भाड्याने दिली जातात. भाड्याने राहणाऱ्याला उठून जाता येते, पण आयुष्याची कमाई घालून प्लॉट घेणाऱ्याला नाही. म्हणून विकत घेणाऱ्याने तर महापालिकेच्या नगररचना विभागात जाऊन नकाशा बघितल्याशिवाय इसाराचे पैसे देऊ नयेत.

जमिनीखालचेही विचारा. आपला हा कोळशाचा मुलूख. ऑगस्ट २०२२ मध्ये घुग्घुसच्या आमराई वॉर्डात एक राहते घर जमिनीत खोल खचून गेले. तिथे खाली जुनी भूमिगत खाण होती. घरातली माणसे वेळेवर बाहेर पडली म्हणून वाचली. खाणीच्या जवळचे घर बघत असाल तर भिंतीला तडे आहेत का, सुरुंगाच्या स्फोटाने भांडी वाजतात का, हे शेजाऱ्यांना विचारायला लाजू नका.

दुसरा प्रश्न हवेचा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातल्या ८८ औद्योगिक पट्ट्यांची मोजणी केली, त्यात चंद्रपूरला ८३.८८ गुण मिळून ते देशात चौथे आले. हा नंबर अभिमानाचा नाही, जितके गुण जास्त तितके प्रदूषण जास्त. त्यानंतर काही उपाय झाले, वीज केंद्राचे जुने संच बंद झाले, नवे आले. पण कोळसा आहे, ट्रक आहेत, राख आहे. लहान मूल आपल्या वजनाच्या मानाने मोठ्या माणसापेक्षा जास्त हवा आत घेते आणि त्याचे तोंड जमिनीच्या जवळ असते. धूळ आधी त्याच्याच छातीत जाते. शहर तर आपण बदलू शकत नाही, पण शहरातली गल्ली निवडू शकतो. कोळशाच्या ट्रकांचा रस्ता कोणता, हे बघता येते. सोपी परीक्षा सांगते. घर बघायला जाल तेव्हा गच्चीवर किंवा खिडकीच्या कट्ट्यावर बोट फिरवा. बोट काळे झाले तर दुसरे घर बघा.

तिसरा प्रश्न उंचीचा. नेदरलँड्समधल्या बर्नार्ड व्हॅन लीअर फाउंडेशन नावाच्या संस्थेने 'अर्बन ९५' नावाचा उपक्रम सुरू केला, आणि आपल्याकडे पुणे शहर त्यात सहभागी झालेले आहे. ९५ सेंटिमीटर म्हणजे तीन वर्षांच्या निरोगी मुलाची साधारण उंची. एवढ्या उंचीवरून शहर कसे दिसते, ते बघून शहर घडवा, असे त्यांचे म्हणणे. मला हे फार पटले. तुम्ही घर बघायला जाल तेव्हा एकदा गल्लीत उकिडवे बसा आणि बघा. नालीवर झाकण आहे का? जिन्याच्या कठड्याच्या दोन गजांमधून मूल निसटेल का? दारातून पाऊल टाकले की थेट गाड्यांचा रस्ता आहे का? मोकाट कुत्र्यांचा अड्डा कुठे आहे? कचऱ्याचा ढीग किती दूर? खेळायला चार पावले मोकळी, सावलीची जागा आहे का? चंद्रपूरचा मे महिना तुम्हाला माहीत आहे. सावली नसलेल्या वस्तीत मूल चार महिने घरातच कोंडले जाते.

आपल्या भागात आणखी एक गोष्ट. इथे आपल्याला वाघ नवा नाही, पण शहरात वाघ नाही असे समजू नका. वीज केंद्राच्या बाजूला, दुर्गापूर भागात फेब्रुवारी २०२२ मध्ये वाघ आणि बिबट्याच्या हल्ल्यांत माणसे गेली, त्यात एक शाळकरी मुलगा होता. झुडपी जंगलाला लागून असलेला स्वस्त ले-आऊट घेताना रस्त्यावर दिवे आहेत का आणि संडास घरात आहे का, हे बघणे म्हणजे भित्रेपणा नव्हे.

चौथा प्रश्न पायी अंतराचा. तीन ठिकाणे पायी गाठता आली पाहिजेत: अंगणवाडी, लसीकरणाचा दवाखाना आणि शाळा. अंगणवाडीला आपण 'गरिबांची खिचडी' समजतो. ही योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली, आणि सहा वर्षांखालच्या प्रत्येक मुलाचे वजन, आहार, लसी यांची नोंद तिथे होते. मूल वाढते आहे की खुंटते आहे, हे सांगणारी ती सगळ्यात जवळची जागा आहे. स्थलांतर करणाऱ्यांचे नेमके हेच सुटते. जुन्या गावची नोंद तिथे राहते, नव्या गावात नाव लागत नाही, आणि दीड वर्षानंतर द्यायचा गोवर-रुबेलाचा दुसरा डोस मधल्या मधे राहून जातो. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडीत गोवराची साथ आली, लेकरे दगावली, मालेगाव-भिवंडीतही रुग्ण सापडले. या सगळ्या दाट वस्तीच्या, आपल्या लोकांच्या जागा आहेत. लसीचे कार्ड ही निघताना पिशवीत ठेवायची पहिली वस्तू. भांडी नंतर.

शाळेचेही आताच बघा, मूल दोन वर्षांचे असतानाच. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे खासगी विनाअनुदानित शाळांत २५ टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांतल्या मुलांसाठी आहेत. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना हा नियम लागू नाही, बाकीच्यांना आहे. आपल्या राज्यात तो प्रवेश घरापासून शाळेच्या अंतरावर ठरतो, एक किलोमीटरच्या आतल्यांना पहिली संधी. आणि भाडेकरूला पत्त्याचा पुरावा म्हणून नोंदणी केलेला भाडेकरार लागतो. म्हणजे मालकाच्या तोंडी शब्दावर घर घेतलेत तर चार वर्षांनी मुलाचा प्रवेश अडतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे. हे मालकाला नम्रपणे सांगायचे, पण सांगायचेच.

पाचवा प्रश्न शेजाराचा, आणि माझ्या दृष्टीने सर्वांत मोठा. अचानक ताप चढला, पती गावाला गेले, मला लॅबमध्ये जायचे आहे, तर अर्धा तास मूल कोणाकडे देता येईल? वस्ती सुरक्षित आहे की नाही, याची माझी व्याख्या एवढीच आहे. मूल रस्त्यावर दिसले तर ते कोणाचे हे ओळखणारी दहा माणसे त्या गल्लीत आहेत का? ओट्यावर संध्याकाळी बाया बसतात का? किराणा दुकानदार पोरांना नावाने हाक मारतो का? मोठ्या कॉलनीत सुरक्षारक्षक असतो, कॅमेरा असतो, आणि समोरच्या दारात कोण राहते हे माहीत नसते. त्यापेक्षा ओटा बरा.

हा प्रश्न मात्र नुसत्या पत्त्यावरून किंवा फोटोवरून सुटत नाही. म्हणून प्रत्येक घर तीनदा बघा: सकाळी पाण्याच्या वेळी, संध्याकाळी दिवे लागल्यावर आणि एकदा पाऊस पडून गेल्यावर. आणि ज्या व्यक्तीला दिवसभर त्या घरात राहायचे आहे, तिला बरोबर न्या. आपल्याकडे पुरुष घर पसंत करतात, बायकोला सामानासह नेतात. नळ कुठे आहे, मोरी कशी आहे, संडासाला कडी आतून लागते का, हे त्यांच्या लक्षातही येत नाही. कारण तिथे चोवीस तास त्यांना काढायचे नसतात.

"कळवतो" म्हणजे काय

आता दुसऱ्या निम्म्याबद्दल, घरमालकाच्या मनाबद्दल.

माझी यादी तयार झाली, तेव्हा चांगल्या गुणांची घरे मिश्र वस्त्यांत निघाली. मी फोन लावू लागले. "फॅमिली आहे ना? छोटे बाळ आहे? अरे वा, मग या संध्याकाळी." मग नाव विचारायचे. नाव सांगितले की क्षणभर शांतता, आणि मग, "आम्ही घरच्यांना विचारून कळवतो." काहींनी मांसाहाराचे कारण दिले. ज्या घरी कोंबडी शिजते त्यांनीही दिले. एक मालक खूप चांगले बोलले आणि म्हणाले, "मला काही नाही हो, पण शेजारचे नाराज होतील." शेजाऱ्यांना मी नंतर भेटले, त्यांना कोणी विचारलेच नव्हते.

हे काही माझ्या एकटीचे रडगाणे नाही. सच्चर समितीने २००६ च्या अहवालात नोंदवले आहे की मुस्लिमांना घर भाड्याने किंवा विकत मिळण्यात अडचण येते. त्या समितीने समान संधी आयोग नेमण्याची शिफारस केली. तसा कायदा आजवर झाला नाही. आपल्या संविधानात कलम १९ देशात कुठेही राहण्याचे, स्थायिक होण्याचे स्वातंत्र्य देते. कलम १५ दुकान, उपाहारगृह, विहीर, तलाव, रस्ता इथे धर्म-जातीवरून अडवायला मनाई करते. पण खासगी मालकाने भाड्याने घर नाकारले तर त्याला थेट हात घालणारा कायदा आपल्याकडे नाही. उलट २००५ मध्ये अहमदाबादच्या पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, सभासदत्व एका समाजापुरते ठेवणारा उपविधी वैध मानला.

जगात वेगळे घडलेले आहे. अमेरिकेत १९६८ च्या कायद्याने वंश किंवा धर्म बघून घर नाकारायला बंदी आली, आणि १९८८ मध्ये त्यात भर पडली की लहान मुले आहेत म्हणूनही बहुतेक घरे नाकारता येणार नाहीत. लेकरे असणे हेही नकाराचे कारण होते, हे त्यांनी कायद्यात मान्य केले. सिंगापूरने १९८९ पासून सरकारी इमारतींत प्रत्येक समाजाचे प्रमाण ठरवून दिले, म्हणजे कोणताच समाज एका कोपऱ्यात साठू नये. त्या उपायात अडचणीही आहेत, तिथले अल्पसंख्याक घर विकताना त्याची तक्रार करतात. पण प्रश्न सरकारचा आहे, हे तिथे मानले गेले. आपण तो अजून 'ज्याची त्याची मर्जी' म्हणून सोडून देतो.

मग कायदा येईपर्यंत काय करायचे? मी केले ते सांगते. नाव पहिल्याच वाक्यात सांगायला लागले. त्यामुळे नकार पहिल्या मिनिटात मिळायचा, पायपीट वाचायची. दुसरे, दलालाऐवजी ओळखीतून गेले. लॅबमधल्या सहकारी, पोंभुर्ण्याच्या शाळेतल्या जुन्या मैत्रिणी, गावाकडची एसटीतली ओळख. गावात मिसळून राहिल्याचे व्याज असे मिळते. शेवटी घर मिळाले ते माझ्या शाळेतल्या मैत्रिणीच्या मावशींच्या शेजारी, जुन्या शहरात. मालक निवृत्त माणूस. त्यांनी एकच विचारले, "लेकरू रात्री रडते का हो?" मी म्हटले, "रडते." ते म्हणाले, "माझी नातही रडायची." करार नोंदवला, चावी दिली. घर लहान आहे, पण भिंतीला ओल नाही, अंगणवाडी पायी सात मिनिटे, आणि मावशींचे दार उघडे.

नकार देणारे आपणही

टाळ्या नका वाजवू, कारण पुढचे कडू आहे.

आपल्या समाजातही घरमालक आहेत. ते कोणाला घर देतात? आपलाच माणूस असला तरी आधी बिरादरी विचारतात. एकट्या राहणाऱ्या नोकरदार मुलीला नाही देत. घटस्फोटित बाईला नाही देत. दलित कुटुंबाला देताना चाचरतात, वेगवेगळ्या सबबी सांगतात, आणि त्या सबबी ऐकताना मला माझे फोन आठवतात. "मला काही नाही, पण मोहल्लेवाले..." शब्दसुद्धा तेच. ज्या दिवशी आपण समान संधीचा कायदा मागू, त्या दिवशी तो आपल्या दारालाही लागू होईल. हे आधी मान्य करून मग मागणी करू.

सावित्रीबाई आणि जोतीरावांना घर सोडावे लागले तेव्हा पुण्यात उस्मान शेख यांनी त्यांना आसरा दिला, असे सांगितले जाते. आपण ती गोष्ट प्रत्येक सभेत अभिमानाने सांगतो. आज कोणी एखादे जोडपे, समाजाच्या मर्जीविरुद्ध काम करणारे, आपल्या दारात खोली मागायला आले, तर आपण काय उत्तर देऊ? ती गोष्ट सांगायचा अधिकार त्या उत्तरावर ठरतो.

मोहल्ला सोडा असे मी म्हणत नाही

शेवटचा मुद्दा. माझे बोलणे ऐकून कोणी असे समजू नये की मोहल्ल्यात राहणारे चुकले. तिथे नातेवाईक आहेत, मशीद आहे, अडीअडचणीला धावणारी माणसे आहेत, आणि पुष्कळांना दुसरीकडे घर मिळालेलेच नाही. पाचव्या प्रश्नात कित्येक मोहल्ले पैकीच्या पैकी गुण मिळवतात. मिश्र वस्ती ही शोभेची वस्तू नव्हे, आणि मोहल्ला हा गुन्हा नव्हे.

खरा सवाल हा आहे की मोहल्ला निवडला म्हणून मुलाला शाळा, नळ, दवाखाना गमवावा का लागावा? सॅम अ‍ॅशर, पॉल नोवोसाद आणि त्यांच्या सहकारी अभ्यासकांनी देशातल्या सुमारे १५ लाख वस्त्यांची सरकारी आकडेवारी तपासून २०२३ मध्ये निष्कर्ष मांडले. देशातले २६ टक्के मुस्लिम अशा वस्त्यांत राहतात जिथे ८० टक्क्यांहून जास्त लोक मुस्लिमच आहेत. आणि पूर्णपणे मुस्लिम असलेल्या वस्तीत माध्यमिक शाळा असण्याची शक्यता, एकही मुस्लिम नसलेल्या वस्तीच्या निम्मी आहे. एकाच शहरात, एकाच महापालिकेखाली. हे अल्लाहच्या मर्जीने झालेले नाही. हे अर्थसंकल्पात, वॉर्डाच्या कामांच्या यादीत, माणसांच्या सहीने झालेले आहे. जे सहीने झाले ते सहीने बदलता येते.

म्हणून एक काम सुचवते. तुमच्यापैकी जे शहरात राहतात त्यांनी आपल्या वॉर्डाचा हा पाच प्रश्नांचा कागद भरावा. अंगणवाडी किती, कुठे? झाकण नसलेली नाली किती? पूररेषा कुठून जाते? चालत जाण्याच्या अंतरात माध्यमिक शाळा आहे का? जे दिसत नाही ते माहिती अधिकारात विचारावे, दहा रुपयांचा अर्ज आहे. मग तो कागद घेऊन नगरसेवकाकडे जावे, एकट्याने नव्हे, शेजारच्या वस्तीतल्या आयांना बरोबर घेऊन. त्यांच्या नालीलाही झाकण नसते. उघडी नाली कोणाचे आडनाव विचारून मूल ओढत नाही.

आणि जे अजून जायचे आहेत त्यांना एवढेच सांगते. निघताना दोन गोष्टी बरोबर न्या. एक, मुलाचे लसीचे कार्ड. दुसरी, पोंभुर्ण्यात आपण ज्या सवयीने शेजारी राहतो ती सवय. पहिली विसरलात तर दवाखान्यातून दुसरी प्रत मिळेल. दुसरी शहरात कुठे मिळत नाही, ती इथूनच न्यावी लागते.